खोक्यावर ‘ओरिजिनल’ लिहिलं म्हणून ब्रेक लागत नाही

बिबवेवाडीतल्या आणि आसपासच्या जुन्या गाडीवाल्यांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पण वाचा, कारण हा विषय शौकाचा नाही, हातपाय शाबूत राहण्याचा आहे.

माझ्यासमोर टेबलावर एक खोकं आहे. येझदीच्या पुढच्या ब्रेकच्या वायरीचं. खोक्यावर म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याचं नाव, जुना लोगो, आणि खाली किंमत, ‘जीएसटीसह’. आता गंमत बघा. तो कारखाना १९९६ साली बंद झाला. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. म्हणजे कुलूप लागल्यावर एकवीस वर्षांनी आलेला कर या खोक्यावर छापलाय. कारखान्यात भूत बसून वायरी वळतंय की काय?

हसू येतं ना? मलाही आलं असतं. पण ही वायर दोन आठवड्यांपूर्वी जुन्या कात्रज घाटात माझ्या हातात आली. बनेश्वरहून परत येत होतो. बोगदा ओलांडून पुण्याच्या बाजूला उतरायला लागलो, वळणावर पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर सरळ मुठीला टेकली. मागे मुलगी बसली होती. टू-स्ट्रोक गाडीला इंजिनाचा ब्रेक जवळजवळ नसतोच, हे चालवणाऱ्यांना माहीत आहे. मागचा ब्रेक, खालचा गिअर आणि समोरून ट्रक आला नाही हे नशीब, एवढ्यावर गाडी थांबली. मुलगी म्हणाली, “बाबा, काय झालं?” मी म्हणालो, “काही नाही, जरा थांबू.” पाय थरथरत होते.

वायर टाकून पाच आठवडेही झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रींनी ती हातात घेतली, टोकाचं निपल बघितलं आणि म्हणाले, “दादा, याला डाखच नीट दिलेला नाही. नुसता वरून चिकटवलाय.” ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेकची वायर म्हणजे बारीक तारांचा पीळ. टोकाला पितळेचं निपल असतं. तारांची टोकं निपलच्या आत फुलवायची असतात, साफ करायची असतात, मग डाख आतपर्यंत उतरवायचा असतो. तसं केलं तर तार तुटेल पण निपलमधून निसटणार नाही. इथे तारा सरळच ठेवल्या होत्या, तेलकट. वरून डाखाचा एक थेंब. दोन मिनिटांचं काम वाचवलं कोणीतरी.

मी दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहिणार नाही. कारण हा एका दुकानाचा प्रश्न नाही आणि तो दुकानदारही ती वायर घरी बनवत नाही. शेठ शांतपणे म्हणाले, “ओरिजिनल आहे साहेब, खोकं बघा ना.” मी म्हणालो, निपल बघा. ते म्हणाले, “अहो, दुसरी देतो की. त्यात काय एवढं?” आणि त्याच पेटीतली दुसरी वायर काढून दिली. पक्कं बिल मागितलं तर कच्च्या चिठ्ठीवर ‘केबल १’ एवढं लिहून दिलं.

त्यात काय एवढं! हेच तर म्हणायचंय मला. या तीन शब्दांवर जुन्या गाड्यांच्या पार्टचा सगळा बाजार उभा आहे.

आता मुद्दा. आपण सगळे दुकानात गेल्यावर एकच प्रश्न विचारतो, “ओरिजिनल आहे का?” माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे आणि फसवणुकीचं दार आपण स्वतःच या प्रश्नाने उघडतो.

विचार करा. जावा-येझदी १९६१ ते १९९६ म्हैसूरला बनली. कारखाना गेला, तिथली हत्यारं-साचे पांगले. नवी जावा २०१८ ला आली, नवी येझदी २०२२ ला, पण ती गाडी वेगळी, तिचे पार्ट आपल्या गाडीला लागत नाहीत. आरएक्स १०० इथे १९८५ ला आली आणि १९९६ ला थांबली. राजदूत ३५० तर त्याच्याही आधी संपली. बुलेटचं जुनं कास्ट आयर्न इंजिन २०१० च्या सुमारास नव्या इंजिनाने बाजूला सारलं. या गाड्यांच्या बाबतीत ‘ओरिजिनल’ म्हणजे नक्की काय? तीस वर्षं कुठल्यातरी गोदामात पडून राहिलेला जुना स्टॉक, एवढाच एक खरा अर्थ उरतो. तो किती शिल्लक असणार? आणि प्रत्येक दुकानात, प्रत्येक आठवड्याला, हवा तेवढा तो निघतो कसा?

बरं, खरा जुना स्टॉक मिळाला तरी तो चांगलाच असेल असंही नाही. गिअर, शाफ्ट, कव्हर यांचं वय होत नाही, ग्रीस लावून ठेवलं असेल तर. पण रबराचं वय होतं. तीस वर्षांपूर्वीचा ऑईल सील खोक्यात न वापरता पडून असला तरी कडक झालेला असतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचा सील हवा ओढायला लागला की पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एक दिवस पिस्टन धरतो. म्हणजे शंभर टक्के अस्सल पार्ट टाकून इंजिन गेलं, असंही होऊ शकतं. अशा वेळी आज नव्याने बनवलेला, नीट रबराचा, बनवणाऱ्याने स्वतःचं नाव टाकलेला सील त्या ‘ओरिजिनल’पेक्षा कितीतरी बरा.

म्हणून माझा राग नकलेवर नाही. नक्कल लागणारच. जो माणूस जुना पार्ट मोजतो, ड्रॉइंग काढतो, योग्य धातू वापरतो आणि खोक्यावर स्वतःचं नाव-पत्ता लिहितो, त्याच्यामुळे आपल्या गाड्या चालतायत. त्याला माझा नमस्कार. तो दिल्लीचा असो, लुधियानाचा असो की आपल्या भोसरीचा. माझा राग बेनामी मालावर आहे. ज्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, किंवा मेलेल्या कारखान्याचं नाव आहे. आरएक्सच्या पार्टवर मारलेला ‘जपान’चा शिक्का हा त्याचाच भाऊ. शिक्का मारायला हातोडी पुरते.

नाव नसलं की काय होतं ते पिस्टनवरून समजून घ्या. चांगला पिस्टन ॲल्युमिनियममध्ये बारा टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त सिलिकॉन मिसळून ओततात, म्हणजे तापल्यावर तो कमी फुगतो. भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून ओतलेला पिस्टन दिसायला तसाच चकचकीत. बोअर मारणाऱ्याने पुस्तकातल्या मापाने बोअर मारला तरी हा पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो आणि जॅम होतो. मग आपण कोणाला शिव्या घालतो? मिस्त्रीला. “तुम्ही फिटिंग टाइट केलं.” बिचारा मिस्त्री पदरचे दिवस घालून पुन्हा इंजिन खोलतो. या उपनगरातल्या किती चांगल्या मिस्त्रींनी जुन्या गाड्या घेणं बंद केलंय, विचारून बघा. कारण एकच सांगतील: “काम आमचं, माल भलत्याचा, शिव्या आम्हाला.”

चेन-सॉकेटचे दात नीट कडक न केलेले, दोन पावसाळ्यांत करवतीसारखे होतात. क्रोमच्या खाली तांबं-निकेलचा थर न देता नुसतं वरचं पाणी फिरवलेलं, सायलेन्सर एका जुलैत लाल पडतो. लाल पडलेला सायलेन्सर निदान दिसतो तरी. ब्रेक शूचं लायनर कशाने चिकटवलंय ते दिसत नाही. ते गरम झाल्यावर सुटलं आणि ड्रममध्ये अडकलं तर चाक जागेवर धरतं. आईमाता मंदिराकडून गंगाधाम चौकात उतरणारा उतार आपल्या सगळ्यांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. तिथे काय होतं हे मी बिबवेवाडीकरांना सांगायला नको.

त्यात नवीन भर पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. या गाड्या बनल्या तेव्हा असं पेट्रोल कोणाच्या डोक्यात नव्हतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि साध्या रबराच्या नळ्या, वॉशर त्यात फुगतात किंवा चिरतात. म्हणजे आज पेट्रोलची नळी किंवा कार्बोरेटरचं किट घेताना ‘हे इथेनॉलला चालतं का’ हा प्रश्न आगीशी संबंधित आहे. गरम सिलिंडरच्या वर पेट्रोलची नळी गळतेय, डोळ्यांसमोर आणा. पण बेनामी खोक्याला हा प्रश्न विचारणार कसा? उत्तर द्यायला पलीकडे माणूसच नाही.

आता तीन प्रकारचे लोक कमेंटमध्ये येणार, मला माहीत आहे. आधीच उत्तर देऊन ठेवतो.

पहिले म्हणणार, “हे श्रीमंतांचे शौक. भंगारात द्या आणि नवी घ्या.” भाऊ, पहाटे पाचला मार्केट यार्डाच्या गेटवर येऊन उभे राहा. एम-८० वर पोती बांधून जाणारे, जुन्या लुनावर पालेभाजीच्या जुड्या घेऊन जाणारे मोजा. ते विंटेज रॅलीला निघालेले नाहीत. त्यांना नवी गाडी परवडत नाही आणि जुनी अजून पोट भरते. त्यांच्या गाडीलाही हाच बेनामी ब्रेक शू लागतो. आणि ज्याच्या घरात वडिलांची येझदी आहे त्याने ती का ठेवू नये? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरण करतो, पर्यावरण कर भरतो, आरटीओत गाडी दाखवतो. सरकार पैसे घेऊन म्हणतं, चालव. मग चालवायला धड पार्ट मिळावेत ही अपेक्षा म्हणजे शौक नाही.

दुसरे दुकानदार मंडळी. “गिऱ्हाईकच स्वस्त मागतं, आम्ही काय करणार?” अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर द्या. गिऱ्हाईक स्वस्त मागतं, खोटं मागत नाही. ‘हा नव्याने बनवलेला आहे, साधा आहे, ऐंशी रुपये, हा बऱ्यापैकी आहे, तीनशे रुपये’ असं सांगा की. मी स्वस्त घेतला तर माझी जबाबदारी. पण ऐंशीचा माल मेलेल्या कारखान्याच्या खोक्यात घालून तीनशेला विकला, तर तो धंदा नव्हे. नाना पेठेत असेही जुने दुकानदार आहेत जे काउंटरवरून स्वतः सांगतात, “हा नका घेऊ, टिकणार नाही.” अशा माणसाचं गिऱ्हाईक आणि बेनामी पेटीवाल्याचं गिऱ्हाईक सारखंच राहिलं, तर तो किती दिवस खरं बोलेल?

तिसरे आपण. होय, आपणच. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा-येझदीच्या दिवशी, गाड्या रांगेत लावून फोटो काढणारे. मीसुद्धा त्यात आहे. रंगाला तीस हजार घालतो, टाकीवरच्या सोनेरी पट्ट्यांसाठी कारागीर शोधतो, सीटला जुन्या नक्षीचं रेक्झिन मागवतो. आणि ब्रेकच्या वायरीला काउंटरवर दहा रुपयांची घासाघीस करतो. पिस्टनचं वजन कधी केलंय? पिस्टन रिंग बोअरमध्ये सरकवून फिलर गेजने फट मोजायला मिस्त्रीला कधी सांगितलंय? जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरून वापरलेला पण अस्सल पार्ट शोधण्यात आपल्याला पराक्रम वाटतो, तो बरोबरही आहे. पण ब्रेक आणि सील जुन्या बाजारातून आणणं हा पराक्रम नाही.

कायदा काय म्हणतो? पुष्कळ म्हणतो, आपण ऐकत नाही. पाकीटबंद मालाबाबतचे २०११ चे वैधमापन नियम सांगतात की बनवणाऱ्याचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क पाकिटावर हवा. दुसऱ्याचा ट्रेडमार्क लावून माल विकणं १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच कायद्यात सदोष मालाच्या नुकसानीची जबाबदारी ठरवताना म्हटलंय की बनवणारा कोण हे कळत नसेल, तर विकणारा जबाबदार. विकणाऱ्याने स्वतःहून खात्री दिली आणि माल तसा निघाला नाही, तरी तो जबाबदार. म्हणजे “ओरिजिनल आहे साहेब” हे वाक्य फुकटचं नाही. ते बिलावर लिहून घेतलं की त्याला वजन येतं. म्हणूनच ते बिलावर लिहून देत नाहीत.

सरकारनेही एक उत्तर द्यायला हवं. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले. गाडी मूळ रूपात हवी म्हणतात. छान. नवी नोंदणी वीस हजार, ‘व्हीए’ची नंबर प्लेट. पण मूळ रूपात ठेवायला लागणारे पार्ट कुठल्या दर्जाचे असावेत यावर कोणाचं लक्ष आहे? हेल्मेटवर आयएसआय शिक्का सक्तीचा केला, टायरवर केला. दोन्ही उत्तम. मग गाडी थांबवणाऱ्या वायरीच्या आणि शूच्या पाकिटाकडे बाजारात जाऊन कोण बघतं? वैधमापनच्या निरीक्षकांनी एक दिवस फक्त खोकी वाचत फिरायचं ठरवलं, तरी बेनामी माल काउंटरवरून आत जाईल.

पण सरकारची वाट बघत बसणाऱ्यांतला मी नाही. इंग्लंडमध्ये व्हिन्सेंट नावाची मोटारसायकल होती. १९५५ ला बंद झाली. मालकांच्या क्लबने १९७५ ला स्वतःची पार्ट कंपनी काढली, सभासदांनीच भांडवल घातलं. कारखाना जाऊन सत्तर वर्षं झाली, तिचे पार्ट आजही नावानिशी मिळतात. ते कोणी देवदूत नव्हते. गाडीवालेच होते, फक्त एकत्र आले.

आपण तर पुण्यात राहतो. भोसरी-चाकणला जगभरातल्या गाड्यांचे पार्ट बनतात. मायक्रोनमध्ये काम करणारे टर्नर, टूलरूमवाले आपल्याच सोसायट्यांत राहतात. आणि आपल्याला ब्रेकच्या वायरीचं निपल डाखून मिळत नाही! याला काय म्हणायचं?

म्हणून चार गोष्टी सुचवतो.

एक. ‘ओरिजिनल आहे का’ हे विचारणं आजपासून बंद. विचारा: कोणी बनवलंय, नाव-पत्ता दाखवा, बिलावर लिहा. नसेल तर ब्रेक, स्टिअरिंग, चाक आणि पेट्रोलशी संबंधित पार्ट घ्यायचा नाही. शोभेचा पार्ट हवा तसा घ्या.

दोन. प्रत्येक गॅरेजात एक वही. पार्ट, दुकान, तारीख, किती किलोमीटर चालला, कसा गेला. तुटलेला पार्ट फेकायचा नाही, चिठ्ठी बांधून ठेवायचा. आमच्या मिस्त्रींनी सोमवारपासून वही सुरू केली आहे. पहिली नोंद माझी वायर.

तीन. पन्नास जण एकत्र येऊन पुढच्या ब्रेकची आणि क्लचची वायर भोसरीतल्या चांगल्या वर्कशॉपकडून करून घेऊ. माप ठरवून, ओढून तपासून, प्रत्येकीवर बॅच नंबर. दीडशेची वायर चारशेला पडली तरी चालेल. आपल्याच बिबवेवाडीत इंजिनिअरिंग कॉलेज आहे. कडकपणा आणि ताण तपासायला त्यांच्या प्रयोगशाळेची मदत मिळेल का, हे विचारायला मी जाणार आहे. कोणाची ओळख असेल तर सांगा.

चार. तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. मी माझी तक्रार लिहायला घेतली आहे. कच्ची चिठ्ठी, खोकं आणि निसटलेलं निपल, तिन्ही जोडतोय. कदाचित काही होणार नाही. पण पुढच्या वेळी शेठ खोकं देताना एकदा उलटून बघतील, तेवढं झालं तरी पुष्कळ.

दुकानदार मंडळींनो, तुमचं म्हणणं असेल तर इथेच लिहा, मी उत्तर देईन. मिस्त्री मंडळींनो, तुम्ही तर लिहाच, कारण सगळ्यात जास्त तुम्हीच भोगताय. दुकानांची नावं घेऊन चिखलफेक मात्र नको, पार्टचा फोटो आणि तो कसा गेला ते टाका.

आणि हो, रविवारी गाडी काढण्याआधी पुढच्या ब्रेकचं निपल एकदा बोटाने ओढून बघा. मी बघितलं नव्हतं.